अकरा तांबड्या रिबिनी

प्रिय मैत्री,

तुझे चार मिस्ड कॉल पाहिले, आणि मुद्दामच उचलले नाहीत. काय झालं असेल म्हणून घाबरू नकोस, तब्येत ठीक आहे. हे पत्र लिहायला बसले तर घरात धड कोरा कागद सापडेना. शेवटी तुझ्या जुन्या प्रयोगवहीची पानं फाडली आहेत, मागे बेडकाची आकृती आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आधी वाडीबद्दल. समुद्राकडची झाडांची रांग गेल्यापासून वारा थेट पडवीपर्यंत येतो. सुपारीच्या रोपांची पानं कडेने तपकिरी व्हायला लागली आहेत. रोज सकाळी एका पानावरून बोट फिरवून जिभेला लावते. खारट लागतं. मग प्रत्येक रोपावर विहिरीचं पाणी मारत फिरते, दुपारपर्यंत पुन्हा तेच. मृगाला आठ दिवस राहिलेत. विहिरीकडचा बांध उंडीच्या मुळांनी धरून ठेवला होता. मुळं अजून आहेत, पण वर उरलेला बुंधा मेला तर ती किती दिवस धरणार? पाऊस वाऱ्यानिशी आला तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही.

खोडांच्या कापांना शेणाचा लेप दिलाय. करंजाला काल दोन कोंब दिसले. भेंडही फुटेल असं ठमाबाई म्हणते. ठमाबाई आठवते ना, वईच्या कुंपणापलीकडची, तुला लहानपणी सुकट भाजून द्यायची ती? तिने मला उंडीच्या चाळीस बिया वेचून दिल्या, त्या पिशव्यांत लावल्यात. अजून एकही वर आलेली नाही. आणि उंडीचा उरलेला बुंधा नुसता गप्प उभा आहे.

शेजारच्या बंगल्याची तर कमालच आहे. त्यांनी अंगणात हिरवळीचा गालिचा अंथरलाय आणि भर मे महिन्यात टँकरने त्याला आंघोळ घालतात. वर तिथल्या बाईंनी मला विचारलं, "मावशी, तुमच्याकडे एवढी फुलपाखरं, आमच्याकडे का नाही येत?" मी म्हटलं, तुमच्याकडे खायला काय आहे, प्लास्टिकचे बगळे? तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. बरं झालं.

माझा बेत तुला माहीतच होता. हिरवं दिसतं म्हणून कुणीतरी कधीतरी लावलेलं सुबाभूळ, तो ऑस्ट्रेलियाचा आकेशिया आणि ती घाणेरी, सगळं काढायचं. इथलं जे आहे, उंडी, करंज, भेंड, निवर, ते ठेवायचं आणि वाढवायचं. पक्षी, मधमाश्या, वटवाघळं, सगळी त्याच्यावर जगतात. झाडं तोडायच्या कामाला बाळाराम हवा हेही मीच ठरवलं. उंडीच्या पहिल्या बिया किनाऱ्यावरून त्यानेच आणल्या होत्या. तुझे बाबा आणि तो, दोघांनी मिळून तू जन्मलीस त्या पावसाळ्यात लावल्या. बाबा गेले तेव्हा याच झाडाखाली तो दिवसभर उकिडवा बसून होता.

त्याचा फोटो टाकून तू ग्रुपवर "झाडांचा खुनी" लिहिलंस, ते मी वाचलं. लोकांनी ते पुढे पुढे पाठवलं. त्याची या आठवड्यातली तिन्ही कामं गेली. ठमाबाई म्हणाली, "बाई, कोयता भितीला टांगून बसलाय तो. कोन बोलवत न्हाय त्याला. जेवत पन न्हाय." तुझा संताप मला समजतो. तो माझ्याकडूनच आलाय तुझ्याकडे. तू पोलिसांत तक्रार देणार असं शेवटच्या मेसेजमध्ये लिहिलंयस, ते वाचल्यापासून माझा डोळा लागलेला नाही.

तुला मी बोर्डिंगमधली एक गोष्ट कधी सांगितली नाही. आमच्या सिस्टर फिलोमिना दर शुक्रवारी सगळ्यात चांगल्या वागणुकीच्या मुलीच्या खांद्यावर तांबडी रिबीन लावायच्या. सहा वर्षांत मला ती एकदाच मिळाली, तीही माझा घसा बसला होता त्या आठवड्यात. पण तेव्हापासून तांबडी रिबीन म्हणजे उत्तम, जपायची वस्तू, हे माझ्या डोक्यात जे बसलं ते कायमचं.

तर मैत्री, ऐक. अलिबागच्या बाजारातून रिबीन आणून मी अकरा झाडांना बांधली. ठेवायच्या झाडांना. बाळारामला समजावून सांगायची गरज मला वाटली नाही. खुणा केल्यात, बघून घे, एवढंच म्हटलं, आणि डोळे तपासायला अलिबागला गेले. आपल्या रस्त्याच्या रुंदीकरणात ज्या ज्या झाडाला तांबडा पट्टा मारला ते झाड आडवं झालं, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. ते माझ्या ध्यानात आलं नाही. बाळारामने फोनही केला होता. म्हणाला, "बाई, खुणंची झाडं, नक्की ना? उंडी पन?" आणि मी दवाखान्याच्या रांगेत उभी राहून त्याला फाडकन म्हणाले, "डोळे मला दाखवायचेत की तुला? एकदा सांगितलेलं कळत नाही?" आणि फोन ठेवला. तीस वर्षं टेलिफोन खात्यात मुलींना दटावत होते, समोरच्याचं पूर्ण ऐकल्याशिवाय लाइन तोडायची नाही म्हणून. संध्याकाळी परतले तेव्हा सुबाभूळ उभं होतं आणि उंडी आडवी होती. मी त्याला गड्यांसमोर नाही नाही ते बोलले. तो गेल्यावर पडवीत दगडाखाली अकरा रिबिनी दिसल्या, एकही फाटलेली नाही, सगळ्या नीट घडी केलेल्या. झाडं तोडायच्या आधी त्याने त्या सोडवून ठेवल्या होत्या. तिथे मला सगळं कळलं. त्यानंतर तासाभराने तुझा फोन आला, आणि मी फक्त एवढंच सांगितलं की बाळारामने झाडं कापली. ते खोटं नव्हतं, म्हणून तीन आठवडे मी स्वतःला फसवू शकले. सोबतच्या पानावर मी घडलेलं सगळं लिहून खाली सही केली आहे. त्याचा फोटो काढून त्याच ग्रुपवर टाक, माझ्या नावासकट, आणि तुझं लिहिलेलं काढ. मला फोनवर हे सांगता आलं नसतं, मी मध्येच लाइन तोडली असती. पेटीत टाकलेलं पत्र परत काढता येत नाही. पोस्टाच्या वाटेवर बाळारामचं घर लागतं. रिबिनी पिशवीत घेतल्या आहेत. आधी पत्र टाकीन, मग येताना त्याच्या दारात उभी राहीन. तो दार उघडेल की नाही, ठाऊक नाही.

तुझीच, आणि या खेपेला पूर्ण चुकलेली,
आई