बादलीतला पळस

२ फेब्रु. '९२, रविवार
नेरे गावाहून पळसाच्या सात फांद्या आणल्या. कळ्या काळसर, मखमली, गच्च मिटलेल्या. धनाजीच्या बांधावरचं झाड. त्याला विचारलं तर म्हणाला, "न्या की. पलसाला कोन इचारतं?" एस.टी.त कंडक्टरने मात्र विचारलं, "जळण का?" उषाने त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा पुढच्या सीटकडे वळला.
उ.चे बाबा सोळाला येताहेत, चंद्रपूरकडून. आठ-नऊ दिवसांसाठी. उ.ला वाटतं, त्यांनी आता परत जाऊ नये. गेल्या थंडीत तापाने तीन दिवस एकटे पडून होते, आम्हाला शेजारणीच्या पत्राने कळलं, तेही पंधरा दिवसांनी. इकडेच राहा म्हटलं की उत्तर एकच, तुमच्याकडे फागुन आला का गेला समजत नाही. म्हणून हा घाट. ते दारात येतील तेव्हा घरात पळस फुललेला हवा.
मी म्हटलं, कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, बाबांना तिथलं काय नि इथलं काय. उ. म्हणाली, "तीन तर तीन, दिसली पाहिजेत."

३ फेब्रु.
फर्स्ट शिफ्ट. घरी आलो तर उ. फांद्यांची देठं बत्त्याने ठेचत होती. म्हणजे पाणी वर चढतं. मग कोमट पाण्यात बुडवणं, ओल्या गोणपाटात गुंडाळणं, बाथरूममध्ये अंधारात ठेवणं. दोन दिवसांनी उजेड, तोही सकाळचाच. हे कुठे शिकलीस? "आईनं जास्वंदीला केलं होतं." जास्वंदीवरून पळसाचा अंदाज! मी प्लांटवर सुपरवायझरला असं सांगितलं असतं तर...

६ फेब्रु.
पाच फांद्या गॅलरीत, बादलीत. उरलेल्या दोन उ.ने कुठे ठेवल्या कोण जाणे. देठांतून लाल चीक येतो, पाणी रोज बदलायचं. सकाळी शाळेत शिकवायला निघण्याआधी ती ओल्या फडक्याने एकेक कळी टिपते. घाई असली तरी. बघत राहावंसं वाटतं.

९ फेब्रु., रवि.
उ. शाळेच्या सहलीबरोबर. पाणी फारच लाल, वासही येतोय. देठं कुजतील असं वाटलं. चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकली. मी केमिस्ट आहे, प्रमाण मला कळतं.

१० फेब्रु.
गॅलरीभर कळ्या. पाचही फांद्या रिकाम्या.
सांगून टाकलं. वाटलं, आता ऐकावं लागणार. उ.ने सुपलीत कळ्या भरल्या, मग स्वयंपाकघरातल्या माळ्यावरून तांब्याची कळशी खाली काढली. त्यात त्या दोन फांद्या, कळ्या टपोरलेल्या. "तुमच्या हाताची सवय मला माहीत आहे," एवढंच बोलली. चौदा वर्षं लॅबमध्ये काढली. थोडा नमुना बाजूला ठेवावा हे माझ्या लक्षात आलं नाही, हिच्या आलं. कौतुक वाटलं नि लाजही.

१४ फेब्रु.
एका कळीला फट. आत केशरी. उ.ने मला हाताला धरून नेऊन दाखवलं. मी हात मागे बांधून पाहिलं.

१६ फेब्रु., रवि.
सकाळी बाबा आले. टेबलावर कळशी, दोन्ही फांद्या फुललेल्या, अकरा-बारा फुलं. खोली उजळली होती, खरंच. उ. बाजूला उभी, दहावीच्या निकालाला उभी असल्यासारखी.
बाबांनी ट्रंक खाली ठेवली नाही. "कोणाले विचारून तोडली?"
चौतीस वर्षं जंगलखात्यात गार्ड होते. लाकूड तोडणाऱ्यांना पकडण्यात जन्म गेला. आम्ही दोघं पंधरा दिवस पाण्याचा रंग बघत बसलो आणि हे डोक्यात आलंच नाही.
बाबा जेवले. हात धुतल्यावर त्यांनी फांदीचं देठ उचलून पाहिलं. "कोयता मारला का जावईबुवा? साल फाटली असंल झाडाची." मग, "झाड कुठं आहे?"
उ. स्वयंपाकघरात रडली. मला वाईट वाटलं, बाबांचा रागही आला.

१७ फेब्रु.
सेकंड शिफ्ट, म्हणून सकाळी बाबांना नेऱ्याला नेलं. साल खरंच फाटली होती, हातभर. बाबांनी जखमा चाकूने साफ केल्या, शेण-माती लिंपली. धनाजी बघत होता. "आमी जल्मात पलसाला मलम लावला नाय." बाबा म्हणाले, "मग आता लावा." दोघं बांधावर बिड्या ओढत बसले. माझी कंपनीची बस चुकली.

२१ फेब्रु.
बाबा रोज नेऱ्याला जातात. एकटे, नऊच्या एस.टी.ने. उ. डबा देते. कळशीकडे ते बघत नाहीत. उ. मात्र गळलेली फुलं रोज वेचते. एवढा धीर मला नसता.

२४ फेब्रु.
उद्या बाबांची गाडी. इथून, पनवेलहून, संध्याकाळी पाचला निघायला हवं. राहाल का, हे उ.ने विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. सकाळी पुन्हा जाऊन येतो म्हणाले, एकपर्यंत.

२५ फेब्रु.
रजा टाकली. एक वाजला, दोन वाजले. अडीचला दारात धनाजी. बाजारात वांगी घालून आला होता.
"बाबा बोलले, आजची गारी जाऊ द्या. झार उद्या फुलतंय. आज आमच्याकडंच जेवतील."
मी उ.कडे पाहिलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. धनाजीला पाणी दिलं, तो जिना उतरून गेला. मग म्हणाली, "पळस फार तर पंधरा दिवस राहतो. त्यानंतर नेऱ्याला काय फुलतं, ते विचारून या त्याला. लवकर जा, निघून जाईल."
चप्पल घालतोय. बाबांचं तिकीट माझ्या खिशात आहे, त्याचं काय करायचं ते तिने सांगितलं नाही.