जुन्या पुस्तकातला राखणदार

अण्णा, तुम्ही रद्दीवाल्याकडून आणलेलं ते राक्षसांचं इंग्रजी पुस्तक अजून माझ्याकडे आहे. पुठ्ठा केव्हाच गेला, आता त्याला तुमच्याच ग्राफच्या कागदाचं कव्हर आहे. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तुम्ही ते आणलंत चित्रांसाठी. कारखान्यात चादरींच्या नमुन्यांसाठी मोर आणि वाघ काढून काढून तुम्ही विटला होतात, आणि त्या पुस्तकातला दोन तोंडांचा दगडी राखणदार तुमच्या मनात भरला होता. तो तुम्ही ग्राफवर उतरवून मालकांना दाखवलात, तर ते म्हणाले, हे अंगावर घेऊन झोपणार कोण? तुम्ही हसत हसत घरी आलात आणि पुस्तक माझ्या हातात दिलंत. "घे. तुला कशाचंच भ्या वाटत न्हाय, तुज्याजवळ ऱ्हाऊ दे." मी तेव्हा बारा वर्षांची होते. मला भीती वाटत नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत, ते विचारायचं राहून गेलं.

ते पुस्तक एका खेळाचं आहे, हे मला फार उशिरा कळलं. टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले योद्धे नाहीतर जादूगार व्हायचं, आणि वार बसला की हुकला ते फाशांनी ठरवायचं. मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. तिथल्या संगणक विभागात शिकवणारे चौघं दर रविवारी दुपारी आपल्या घरी येतात आणि तुमच्या ग्राफच्या टेबलावर आम्ही खेळ मांडतो. गोष्ट सांगणारी मी. आई आतल्या खोलीतून सगळं ऐकत असते आणि मध्येच कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं करते. आठवड्यातले तेवढे चार तास मी मनानं या घराच्या बाहेर असते. बाकी सगळा वेळ, ऑफिसात असले तरी, आतच. तुम्ही जाताना सांगून गेलात, आईला आणि घराला सोडू नको, त्याला आता अठरा वर्षं झाली. भाऊ मुलाबाळांसह पुण्याला गेला, तुमचा कारखाना बंद पडला, आपल्या चाळीतल्या निम्म्या खोल्यांना कुलपं लागली. मला एकदा स्थळ आलं, दोनदा पुण्यात नोकरी चालून आली. प्रत्येकाला मी एकच उत्तर दिलं, अण्णांनी सांगितलंय. त्यावर कुणी काही बोलू शकत नाही. गेलेल्या माणसाशी वाद घालणार कोण?

आता तिसऱ्यांदा नोकरी आलीय. असे खेळ तयार करणारी पुण्यातली एक छोटी कंपनी आहे. जुन्या पुस्तकांतले राक्षस नव्या नियमांत बसवून मी इंटरनेटवर टाकत असते, ते त्यांनी पाहिले. इथं येऊन हेच काम करा म्हणतात, शुक्रवारपर्यंत कळवा. तुम्हाला हे काम लगेच कळलं असतं. खेळाचे नियम काही वर्षांनी बदलतात, नवं पुस्तक येतं, आणि जुने राक्षस त्यात जसेच्या तसे चालत नाहीत. जुन्या पुस्तकात चिलखताचा आकडा जितका लहान तितकं चिलखत भक्कम, नव्यात बरोबर उलटं. जुन्यात विषारी कोळी चावला आणि एक फासा वाईट पडला की माणूस मेलाच. नव्यात त्याला सावरायला दोन-तीन संधी मिळतात. मी गेल्या महिन्यात तुमचा राखणदार काढला. एकेक आकडा नव्या हिशेबात बसवला, दोनदा तपासला आणि रविवारी चौघांच्या पुढं उभा केला. पाचव्या मिनिटाला मेला. म्हैस कापल्यासारखा कापला त्यांनी त्याला, आणि एकजण तर मोबाइल बघत होता.

मला कारखान्यातली तुमची ग्राफखोली आठवली, मी कॉलेजात शिकत होते तेव्हाची. सुट्टी लागलीय, मी तुमच्याशेजारी स्टुलावर बसलेय. एका जुन्या चादरीवरचा मोर नव्या मागासाठी उतरवायचाय आणि तुम्ही तो मला दिलाय. मी चौकोनाला चौकोन मोजते, एकही चुकवत नाही. दोन दिवस मान मोडून काम करते. त्यावरून मागाला लावायची भोकांची कार्डं पाडली जातात, नमुना विणून येतो, आणि मोर बदकासारखा बसका निघतो. नव्या मागावर आडवे धागे दाट बसतात, हे मी धरलेलंच नसतं. सगळे कामगार हसतात. तुम्ही हसत नाही. तो नमुना टेबलावर पसरता आणि सगळ्यांसमोर म्हणता, "चौकोन बरूबर हायती की सगळे. पर मोर कुटं हाय? आदी मोर बघ, मग चौकोन पाड." मला इतकं लागलं होतं की मी चार दिवस कारखान्याकडे फिरकले नाही. तुम्हीही समजूत घालायला आला नाहीत.

म्हणून या वेळी मी राखणदाराचे आकडे बाजूला ठेवले आणि आधी तो करतो काय ते पाहिलं. तो दार अडवतो, एवढंच. कुणाचा पाठलाग करत नाही, रागावत नाही. मग मी त्याला वार कमी दिले आणि एकच वाक्य दिलं, मला सांगितलंय. परवाच्या रविवारी चौघं अख्खी दुपार त्या दारापुढं अडकून पडले. तलवार चालेना, जादू चालेना, लाच चालेना. कुणी काही विचारलं की मी राखणदाराच्या आवाजात म्हणायचे, मला सांगितलंय. भाकरी तशीच पडून राहिली. मी मनातून खूश होते, मोर नीट उतरला होता. तेवढ्यात त्यांच्यातली सगळ्यात धाकटी, अक्कलकोटची मुलगी, फासे खाली ठेवून पुढं सरकली. "तुला सांगितलं कुणी? आणि सांगितलं काय नेमकं? तेच शब्द सांग की."

राखणदारानं उत्तर द्यायला हवं होतं, म्हणजे मी. मी पुस्तक चाळल्याचं सोंग केलं. मग आज इथंच थांबू म्हणाले. कुणी हट्ट धरला नाही. ते गेल्यावर मी भांडी आवरत होते तर आई दाराला धरून उभी राहिली. गुडघ्यांमुळं ती हल्ली फार वेळ उभी राहत नाही. पुण्याच्या नोकरीचं मी तिला सांगितलं नव्हतं, भावानं फोनवर सांगितलं होतं. तिकडं नेलं तर तुला करमणार नाही, असं मी तिला म्हणाले. ती म्हणाली, "मला इचारलंस कवा? मी कवाचीच तयार हाय. नातवंडं तितं हायती. तूच न्हाईस तयार." एवढं बोलून ती आत गेली आणि पंखा लावून पडली.

आज मंगळवार. दुपारी ऑफिसातनं लवकर येऊन तुमच्या टेबलावर बसलेय. कंपनीला लिहायचं होतं, लिहितेय तुम्हाला. हे पत्र जाणार कुठंच नाही, पुस्तकात राखणदाराच्या पानात ठेवीन. त्या मुलीला रविवारी उत्तर द्यावं लागेल, ती विसरणाऱ्यातली नाही. सकाळपासून मी दवाखान्यातला तो दिवस आठवतेय. तुमचा हात माझ्या मनगटावर होता, आई औषध आणायला खाली गेली होती, आणि तुम्हाला बोलताना धाप लागत होती. तुम्ही चारच शब्द बोललात. आईला एकटं टाकू नको. बास, पुढं काही नाही. मला पुण्याची भीती वाटत होती, अण्णा, अजून वाटते. घराचं त्यात मीच घातलं.