राक्षसाच्या डेऱ्यातला शनिवार

२ मे, शुक्रवार
इर्मेली लाहतीला बहिणीकडे गेली त्याला आता तिसरा महिना लागला. बहिणीचा, म्हणजे सिर्क्काचा, गुडघा. गुडघ्याच्या ऑपरेशनला इतके दिवस लागतात का, ते मला माहीत नाही. मी कागद गिरणीतला रिटायर्ड फिटर, डॉक्टर नव्हे. पण जाताना तिने हिवाळी कोट, शिलाई मशीन आणि खिडकीतली जिरेनियमची कुंडी नेली. म्हणजे गुडघा बराच खराब असावा.

जाण्याआधी थोडी बोलाचाली झाली होती, पण अगदीच किरकोळ. जानेवारीत माझ्या छातीत दुखलं. मी गाडी काढली, एकटाच हॉस्पिटलात गेलो आणि चौथ्या दिवशी एकटाच परत आलो. तिला वाटलं, मी तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलोय. उगाच कुणाला कशाला त्रास? पण शेजारच्या रेइयोने हॉस्पिटलबाहेर माझी गाडी पाहिली आणि तिला सांगून घोळ केला. इर्मेली म्हणाली, "तू बुडत असलास तरी मला हाक मारणार नाहीस." मी म्हटलं, बुडताना हाक मारली तर तोंडात पाणी जातं. यात रागावण्यासारखं काय आहे?

संकल्प: महिनाअखेर इर्मेली घरात.

५ मे, सोमवार
तिला फोन केला. (मी स्वतः केला. नोंद असावी.) सतरा तारखेला, शनिवारी, डेऱ्यांच्या जंगलात ये म्हटलं. शेकोटीच्या छपरापाशी, अकरा वाजता. सॉसेज भाजू.  ती म्हणाली, येते, मलाही बोलायचंय. 'बोलायचंय' मला फारसं आवडलं नाही. पण 'येते' आधी म्हणाली.

जागा विचार करून निवडली आहे. जंगल राखीव. बर्फयुगातल्या वितळत्या पाण्याने दगड गरगर फिरवले आणि कातळात रांजणखळगे पडले, असं तिथल्या बोर्डावर लिहिलंय. गावात त्यांना सगळे राक्षसाचे डेरे म्हणतात. थोरला डेरा दोन पुरुष खोल. लग्नाआधीच्या उन्हाळ्यात गावाने तो उपसून कोरडा केला होता, तेव्हा इर्मेली तळाशी उतरून गायली. तिचा आवाज घुमत वर आला. मी वर शिडी धरून उभा होतो. याच मुलीशी लग्न करायचं, हे मी तिथेच ठरवलं. तिला सांगितलं पुढच्या वर्षी.

प्लॅन: डेरा उपसून ठेवायचा. ती येईल, पाहील. मग बोलायला काही उरणारच नाही.

८ मे, गुरुवार
पाहणी केली. डेरा काठोकाठ भरलेला. काळं पाणी, गेल्या वर्षीची पानं, वर एक मेलेला ससा. बोर्डावर लिहिलंय की खळग्यात उतरू नये, कशालाही हात लावू नये. ते पर्यटकांसाठी.

वाटेत रेइयो भेटला. कुणाला काही सांगायचं नव्हतं, पण खांद्यावरचा बागेचा पाइप बघून त्याने विचारलंच. म्हणाला, एकट्याचं काम आहे का हे? जंगल खात्याच्या ऑफिसची परवानगी काढू, गावाचं श्रमदान ठेवू, माणसं येतील, शेवटी वाटाण्याचं सूप करू. पूर्वी असंच केलं होतं ना? मी म्हटलं, बघू. म्हणजे नाही. त्याची अ‍ॅल्युमिनियमची शिडी नेतोस का, म्हणाला. आहे म्हटलं माझ्याकडे. आहेच. सॉनाच्या छपराला लावतो ती, वडिलांच्या हातची. असं लाकूड आता मिळत नाही.

१३ मे, मंगळवार
पाइपचं एक टोक डेऱ्यात, दुसरं खाली उतारावर. तोंडाने ओढून पाणी चालू केलं. आयुष्यभर गिरणीत हेच केलं. पहिल्या ओढीला घोटभर पाणी पोटात गेलं. सशाचा विचार मुद्दाम केला नाही.

रात्रभर पोट बिघडलेलं. त्याचा पाण्याशी संबंध नसावा.

१६ मे, शुक्रवार
पाणी गेलं. तळाशी गुडघाभर चिखल, सावलीत अजून बर्फ. उद्या सकाळी लवकर जाऊन फावड्याने साफ करतो. अकराच्या आत आंघोळ, स्वच्छ शर्ट.

केस स्वतः कापले. मागे काय झालंय ते दिसत नाही, त्यामुळे ठीक आहे.

उद्या तिला काय म्हणायचं तेही ठरवलं. म्हणायचं, "बघ."

१७ मे, शनिवार. साडेनऊ. डेऱ्यातून.
किरकोळ अडचण. चिखलाची शेवटची बादली दोरीला बांधली, वर जायला शिडीवर पाय ठेवला, तर पायरी मोडली. मग तिच्या वरची मोडली, मग वरची. लाकूड आतून भुसा झालेलं. वडिलांचा दोष नाही, त्यांनी केली तेव्हा चांगलीच होती. घोटा सुजलाय. अंगाला कमरेपर्यंत चिखल माखलाय. भिंत काचेसारखी गुळगुळीत, हात लावावा तिथून घसरतो.

अकराला अजून वेळ आहे. निघेन काहीतरी करून.

दहा.
वर एक जोडपं आलं. जॅकेटवरून हेलसिंकीचे वाटले. वाकून खाली पाहिलं. मी म्हटलं, गुड मॉर्निंग. तेही म्हणाले, गुड मॉर्निंग. बाईंनी विचारलं, सगळं ठीक ना? साफसफाई चाललीय, म्हटलं. मग आम्ही मध्ये येत नाही, असं म्हणून ते गेले. सभ्य माणसं.

खिशात या वहीबरोबर मोबाइलही आहे, रेंज आहे. एकशेबाराला करता येईल, पण तो नंबर अपघात झालेल्यांसाठी आहे. रेइयोला करता येईल, पण आज हॉकीचा सामना. स्वीडनशी. सामना दुपारी आहे, पण माणसाला मनाची तयारी लागते.

थंडी हाडांत शिरलीय. बोटं वळत नाहीत, अक्षर बिघडतंय.

अकरा वाजून गेले.
ती आली. गाडीचं दार वाजलं, मग पायवाटेच्या फळ्या. तिची चाल मला ओळखू येते, उजवा पाय जरा जोरात पडतो. शेकोटीचं छप्पर इथून जेमतेम तीस पावलांवर.

तिने हाक मारली. "तौनो!"

मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे खरं आहे. मग स्वतःकडे पाहिलं. कमरेपर्यंत काळा, हातात मोडकी पायरी, केस तसले. तीन महिन्यांनी बायको येते आणि नवरा खड्ड्यात. म्हणजे मग जानेवारीचं सगळं तिचंच खरं. म्हटलं, आधी बाहेर निघू, मग ऐटीत समोर जाऊ.

मोबाइल थरथरला. स्क्रीनवर इर्मेली. उचलला असता तर माझा आवाज फोनमधून आणि खड्ड्यातून असा दोन्हीकडून तिच्या कानात गेला असता. वाजू दिला.

तिने पुन्हा हाक मारली. जरा थांबून आणखी एकदा. तिसऱ्या वेळी आवाज वेगळा होता. सर्दी झाली असावी.

मग कॉफीचा वास आला. थर्मास आणला होता तिने. तो वास खाली माझ्यापर्यंत आला, आणि मला तिच्याजवळ जाऊन बसावंसं इतकं वाटलं की भिंतीला नखं लावून चढायला गेलो. दोन नखं गेली. आवाज मात्र होऊ दिला नाही.

बारा.
गेली. बराच वेळ थांबली होती, हे चांगलं लक्षण.

त्याच दिवशी संध्याकाळी. घरी.
सामना संपल्यावर रेइयोला फोन केला. आपण हरलो. तो अ‍ॅल्युमिनियमची शिडी घेऊन आला, सोडली, मला बगलेत धरून गाडीपर्यंत नेलं. एक शब्द बोलला नाही. रेइयोचा हा गुण मला आवडतो.

गाडीत हीटर लावल्यावर मात्र बोलला. सकाळी तिठ्यावर इर्मेली दिसली म्हणे. "मागची सीट सामानाने भरली होती रे. खोकी, कुंडी, सगळं. मला वाटलं, घरी परत आली. मी हातसुद्धा केला."

मी म्हटलं, बहिणीचं सामान असेल. त्याने हीटर आणखी वाढवला.

दात वाजायचे थांबत नाहीत. उद्या लिहीन.

१८ मे, रविवार
दुपारी तिचा फोन आला. शांत बोलत होती.

"तुझी गाडी पार्किंगमध्ये होती."

म्हटलं, हो.

"मी हाका मारल्या, तौनो. ऐकल्यास?"

आता सांगून टाकावं असं मनात आलं. खरंच आलं. खड्ड्यात होतो, पाय दुखावला होता, तुझ्या कॉफीचा वास येत होता. तीनच तर वाक्यं. छातीत जानेवारीसारखं दाटून आलं. ती वाट बघत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मला वाटतं, मी काहीही बोललो असतो तरी तिने चालवून घेतलं असतं.

"ऐकल्या," मी म्हटलं. "कामात होतो."

 ती म्हणाली, "तुला काही झालं नव्हतं ना? ठीक होतास?"

"एकदम ठीक."

"बरं," म्हणाली. "एवढंच विचारायचं होतं."

आवाज चढवला नाही, रडली नाही, काही नाही. म्हणजे मिटलं म्हणायचं.

२४ मे, शनिवार
सिर्क्का आणि तिचा नवरा ट्रेलर घेऊन आले. इर्मेलीचं कपाट, स्की, आईकडचा आरसा, भांड्यांतली निम्मी. इर्मेली आली नाही. सिर्क्का दोन्ही हातांत खोकी घेऊन पायऱ्या धडाधड चढत-उतरत होती. मी विचारलं, ऑपरेशन छान झालेलं दिसतंय? ती म्हणाली, कसलं ऑपरेशन?

नवऱ्याने माझ्या घोट्याकडे पाहिलं. मला आपलं सांगावं लागलं की सॉनाच्या पायरीवर घसरलो. जाताना सिर्क्का दारात थांबली. म्हणाली, "एका शब्दासाठी थांबली होती रे ती. इतकी वर्षं." कुठला शब्द ते सांगितलं नाही. या दोघी बहिणी कधी स्पष्ट बोलणार नाहीत.

त्यांना कॉफी विचारली. नको म्हणाले. आमच्याकडे कॉफी नको म्हणून कुणी आजवर गेलेलं नाही.

३१ मे, शनिवार
महिनाअखेर.

पाऊस लागलाय. डेरा परत भरायला लागला असेल. रेइयो येऊन गेला. म्हणाला, अजून एक फोन कर, खरं काय ते सांग, लंगडत का होईना पण तिच्याकडे जा. म्हटलं, बघू. तो म्हणाला, 'बघू' म्हणजे काय ते आता मला कळतं, आणि गेला.

खरं तर चूक दोघांची आहे. गाडी दिसली होती, मग तीस पावलं पुढे येऊन वाकून बघायला काय हरकत होती? हे मी तिला विचारणार आहे. जूनमध्ये विचारेन, सगळं जरा शांत झाल्यावर.

घर फार मोठं झालंय. फ्रिज चालू झाला की दचकायला होतं. मला तिची आठवण येते, आणि हे लिहायला काही त्रास पडला नाही, कारण इथे कुणी वाचत नाही.

दुपारी स्वयंपाकघरात उभं राहून 'इर्मेली' अशी एक हाक मारून पाहिली. घशात काही दोष नाही. आवाज चांगला मोठा निघाला. त्या दिवशी सहज पोचला असता.