बाबांनी दिलेलं रक्त

उंद्री

प्रेमानंददादा, जयभीम.

काल फोनवर तू विचारलंस, "बाबानं गोळ्या काऊन सोडल्या?" मी उत्तर टाळलं.

गेल्या वर्षी मी गावात किडनीच्या आजारावरच्या अभ्यासासाठी लोकांची संमती घेत होते. आजार कसा वाढत जातो, एवढंच अभ्यास करणाऱ्यांना पाहायचं होतं. इलाज त्यात नव्हता. दिवसभर घरोघर संमतीपत्र वाचून मी थकले होते. शेवटी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजे मी बरा होईन ना, मयुरी?"

मी नुसतं "हाव" म्हटलं आणि सही घेतली.

दर तीन महिन्यांनी अभ्यासासाठी रक्त देऊन ते निर्धास्त झाले. चिखलीच्या डॉक्टरांकडे जाणं आणि गोळ्या, दोन्ही बंद केलं. मला कळलं तोवर पाय सुजले होते.

आज त्यांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या लोकाइच्या कामी येईन, असं सांगतलं असतं, तरी बी मी रगत देल्लं असतं, पोरी."

उद्या त्यांना दवाखान्यात नेते. हे पत्र टाकायचं बळ मात्र माझ्यात नाही.

तुझी बहीण,
मयुरी