डेरीनॉरच्या पेटीतलं एक मत

गुरुवार, १७ मे

— येईल गं, येईल. चौतीस वर्षांत आला नाही असं एकदा तरी झालंय का?

शेजारच्या टेसीला एवढं म्हणते तोवर गाडी आलीच. आमचे खासदार, फेलिम मॅकपार्टलिन. मतं मागायला!

टेसीच्या फाटकाशी नुसता हात हलवला त्यानं. पक्कं घर ते, मत ठरलेलं. तिचा भाऊ मायल्स दर निवडणुकीला शिडी घेऊन फेलिमची पोस्टरं खांबांवर चढवायचा. नोव्हेंबरात गेला बिचारा.

माझ्याकडे मात्र बसला. चुलीजवळ, त्याच खुर्चीत. दोन कप चहा, ब्रेडचा कडेचा तुकडा — तोच लागतो त्याला. मायल्सचं सोडून डोंगरातलं एकूण एक घर त्याला संशयाचं. त्या एका मतामुळे! आमच्या डेरीनॉरच्या शाळेतली मतपेटी मोजणीच्या टेबलावर उलटी केली की दुकानवाला पॅकी जो कठड्यावरून वाकून बघतो, पहिली पसंती कुणाला. सगळी फेलिमला. एक सोडून. दर निवडणुकीला एक सोडून.

"माझा एकच वैरी आहे या डोंगरात," म्हणतो, "आणि तो मला चहा पाजत असणार."

म्हणलं, सरकार, आमच्या रस्त्यातला खड्डा तुमच्याएवढाच जुना झालाय. पुढच्या वेळी त्यालाच उभा करा, बिनविरोध येईल.

"तोच मत देत नसेल मला," म्हणाला. हसला पण डोळ्यांनी नाही. दमलाय. मंत्री झाला तो काय अकरा महिने, तेही तळ्यातल्या माशांचा. बाकी सगळा जन्म आमची पेन्शनं, फोनच्या तारा, कुणाला दवाखान्यात खाट. आणि मर्तिकं. कुणीही मरो, काळा कोट घालून हात मिळवायला हजर. नऊ वर्षांमागं माझा नवरा बार्नी गेला तेव्हाही रांगेत पहिला.

जाताना दारात थांबला. "या वेळी पडतो बहुतेक, डिलिया. तो वकिलाचा पोर माझी मतं खातोय."

रविवार, २० मे

पाऊस. गुडघा. टेसीनं रूबार्बच्या देठांचा मुरंबा दिला — जरा जास्तच गोड.

गुरुवार, २४ मे

मत देऊन आले. तीच खोली, जिथं बाईंनी पाढे चुकले म्हणून माझे हात लाल केले होते. पडद्याआड दोरीला बांधलेली पेन्सिल. हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. बाहेर आले तर दारावरचा पोलीस म्हणतो, "प्रेमपत्र लिहीत होता काय मावशी?"

म्हणलं, हो. उत्तर येतं का बघू.

शनिवार, २६ मे

आला निवडून! मतदारसंघातल्या जागांपैकी शेवटच्या जागेवर, कसाबसा, पण आला.

बातमी घ्यायला दुकानात गेले. पॅकी जो काउंटरमागं फुगून बसलेला. म्हणाला, डेरीनॉरची पेटी पहिल्यांदा स्वच्छ निघाली. एकूण एक मत फेलिमला! मग लागले सगळे हिशेबाला. मागच्या निवडणुकीपासून आमच्या पेटीतलं एकच माणूस कमी झालंय. मायल्स.

"वरून पोस्टर, आतून सुरी," पॅकी जो म्हणाला. सगळे हसले.

टेसी मागं पिठाच्या पिशव्यांपाशी उभी होती. कुणी बघितलंच नव्हतं तिला. हातातलं लोणी तिनं होतं तिथं ठेवलं नि निघून गेली.

मी काही बोलले नाही. मी! जिचं तोंड झोपेतही बंद नसतं.

रविवार, २७ मे

चर्चमधल्या मिसेनंतर टेसीजवळ कुणी थांबलं नाही. नंतर माझ्याकडे आली. तिच्या भिंतीवर मायल्सचा फेलिमबरोबरचा फोटो आहे, शिडीवर उभा असलेला. तो काढला म्हणे.

"रोज रात्री एका टेबलावर जेवत होतो आम्ही. माझ्याशीसुद्धा खोटं बोलला असेल का गं?"

मी चहा ओतला. दुसरं काय ओतणार?

सोमवार, २८ मे

ब्रेड करपला. दोन्ही.

मंगळवार, २९ मे

फेलिम आभार मानायला येणार म्हणून सकाळीच किटली चढवली. आला. फाटकापर्यंत. गाडी चालूच, काच खाली, हात बाहेर.

"आता डेरीनॉर पक्कं झालं, डिलिया!"

म्हणलं, आत तरी या सरकार, कडेचा तुकडा काढून ठेवलाय.

"पुढं तीन गावं आहेत. ती वकिलाच्या पोराकडे गेली." मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "आणि टेसीला सांग, मायल्सला मी मनापासून माफ केलंय."

गेला. किटली उकळून उकळून कोरडी पडली.

बुधवार, ३० मे

टेसीकडे जाऊन आले. बसलेही नाही. सांगितलं — ते मत माझं होतं, दर वेळी माझंच. या वेळी तो पडेल या भीतीनं दिलं त्याला. सगळ्यांना सांग, आधी पॅकी जोला सांग.

ती आत गेली. मग फोटो आणला, ॲप्रनच्या टोकानं पुसला, खिळ्याला लावला. मग विचारलं, "का गं?"

म्हणलं, खड्ड्यासाठी. रस्ता करत नव्हता म्हणून.

खोटं. पक्क्या घरी तो बसत नाही, म्हणून. आणि बार्नी समोरच्या खुर्चीत बसलेला असायचा, तेव्हापासून.