राज्याची ओळ

मंगळवार. निपाणीहून आत्ताच बेळगावात परतले.

लेबलाचा नमुना आज आप्पांना दाखवला. आमच्या गुऱ्हाळाचा गूळ पाकिटात घालून विकू या म्हणून मीच मागे लागले होते. खडेबाजारात छापायलाही टाकलं. वर मोठ्या अक्षरांत आप्पांचं नाव. त्यावरून बोट फिरवत त्यांनी ते वाचलं, हसले. मग बोट शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं. राज्य: कर्नाटक.

"हे काढ गं."

"आप्पा, कायदा हाय. माल जिथला, तिथलाच पत्ता लिहायचा. खरा."

"मग खरंच लिही की. महाराष्ट्र लिही."

सीमेसाठी लाठ्या खाल्लेल्या माणसाला खरं काय ते मी कुठल्या तोंडानं सांगू? 'कोल्हापुरी गूळ' लिहावं, तर ते नाव कायद्यानं सीमेपलीकडच्याच गुळाचं. पलीकडे म्हणजे कुठं? आमच्या बांधाला लागूनच मामाचा मळा! ऊस तोच, पाणी तेच.

"लेबल नको. सुटाच जाऊ दे कोल्हापूरला," म्हणाले. सुट्या गुळाला बाजारात कोण विचारतंय, कुठला म्हणून? तिथं तो आपोआप कोल्हापुरी होतो. आप्पांचा मात्र राहत नाही.

भांडले नाही. कुणाशी भांडू? कायदा खोटा नाही, आणि आप्पा तरी कुठं खोटे आहेत?

उद्या छपाई थांबवायला सांगायचं. निघताना नमुना परत मागितला, तर दिला नाही. राज्याची ओळ आत दुमडून, नाव वर ठेवून, त्यांनी तो खिशात घातला होता.