आईचा बिडाचा तवा

तंजावूर, १४ जून २०२५, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. आत्ताच तव्याला तिळाचे तेल लावून हात धुतले.

हरिणीअक्कास नमस्कार,

आईने तुला फोनवर "तवा माझा आहे, देत नाही," असे सांगितले, ते खोटे होते. तुला पाठवायचा म्हणून मी तो वेल्डिंगवाल्याकडून मशीनने घासून आणला. तीस वर्षांचा काळा थर मला मळ वाटला. पहिलाच दोसा चिकटून फाटला. आई म्हणाली, "अरे मणी, चांदीचा केलास की! आता ती म्हणेल, नवा घेऊन फसवलं." मी रडकुंडीला आलो. माझी चूक झाकायला तिने तुला तसे सांगितले आणि तू फोन ठेवलास.

तीन दिवस तवा पेजेत भिजवला, मग रोज तापवून अर्ध्या कांद्याने तेल चोळले. फाटके दोसे आम्हीच खाल्ले. आज सोळाव्या दिवशी दोसा अख्खा निघाला. आई म्हणाली, "नेऊन दे. पण बाकीचं काही बोलू नकोस."

मी बोलणार आहे. आठच्या बसने पापनाशमला येतो. हे पत्र मात्र घरीच ठेवतो, नाहीतर ते तुझ्या हातात देऊन मी दारातूनच परत फिरेन.

तुझा धाकटा भाऊ,
मणी